लेखनिक प्रकल्पाच्या नोंदी : जून २०२४ ते मार्च २०२५

१५ जून २०२४, शनिवार

आज शाळा सुरू झाल्या, म्हणजे आमचंही वर्ष सुरू झालं. काम तेच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या अंध विद्यार्थ्यांना, दहावीपासून पदवीपर्यंत, परीक्षेसाठी लेखनिक, म्हणजे परीक्षार्थी सांगेल ते उत्तर कागदावर लिहिणारे, मिळवून द्यायचे, त्यांना तयार करायचं आणि पेपरच्या दिवशी ते वेळेवर केंद्राच्या दारात उभे असतील हे बघायचं.

नव्या कार्यकर्त्यांसाठी नियम इथेच लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगावे लागणार नाहीत. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०१८ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचना हा आमचा मुख्य आधार. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी त्या आहेत. तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ. लेखनिक स्वतःचा आणायचा की परीक्षा घेणाऱ्यांकडून घ्यायचा, हे परीक्षार्थीने ठरवायचं. स्वतःचा आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं. वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळे लेखनिक चालतात, पण एका विषयाला एकच. दहावीच्या मुलाला नववीतलाच मुलगा किंवा मुलगी लागते. म्हणजे उत्साहाने आलेले इंजिनियर, निवृत्त शिक्षक, गृहिणी यांना आम्ही दहावीच्या पेपरला बसवू शकत नाही. त्यांच्यासाठी वेगळी कामं शोधायची आहेत.

यंदा एक मोठा बदल करतो आहोत. लेखनिकाची निवड, त्याचं प्रशिक्षण आणि पेपर झाल्यावर त्याच्याबद्दलचा शेरा, या तिन्ही गोष्टी परीक्षार्थींच्या हातात द्यायच्या. आतापर्यंत हे सगळं आम्ही डोळस कार्यकर्ते करत होतो. बी.ए.च्या एका मुलीने एप्रिलच्या बैठकीत सांगितलेलं अजून कानात आहे. "ताई, मी 'शेतकऱ्यांचं नुकसान झालं' असं सांगितलं. तिने 'कृषी अर्थव्यवस्था कोलमडली' असं लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा पेपर संपायला दहा मिनिटं राहिली होती. सगळा पेपर असाच लिहिला होता." ती लेखनिक अतिशय गुणी मुलगी होती, एकदाही उशिरा आली नव्हती. आमच्या वहीत तिच्या नावापुढे 'उत्तम' असा शेरा होता, कारण शेरा आम्ही दिला होता.

९ जुलै २०२४, मंगळवार

पालख्या पुढे गेल्या, कॉलेजं भरू लागली. आज एका कॉलेजात एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, मुलांसमोर बोलायला गेले. सोबत टीवायचा, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा, एक विद्यार्थी आला होता, पूर्ण अंध. बोलायचं त्यानेच, असं ठरलं होतं.

तो म्हणाला, "मला नोव्हेंबरमध्ये पेपर आहेत. रायटर हवाय. साडेदहाला यायचं, चार तास बसायचं, मी सांगेन ते लिहायचं. मध्ये मोबाईल नाही. शब्द दिला तर पाळायचा. ज्याला जमणार नाही त्याने आत्ता नाही म्हटलेलं मला चालेल, आदल्या रात्री म्हटलेलं चालणार नाही." एवढं बोलून खाली बसला.

हॉलमध्ये शंभरेक मुलं असतील. आवाहन भावनिक केलं की अर्धा वर्ग हात वर करतो, नावं लिहून देतो आणि ऑक्टोबरात त्यांतले बहुतेक फोन उचलत नाहीत, असा दरवर्षीचा अनुभव. आज हात कमी वर झाले, पण प्रश्न किती तरी जास्त आले. अक्षर वाईट असलं तर चालेल का? माझाच पेपर त्या दिवशी आला तर? मराठी माध्यमाचा पेपर इंग्रजी माध्यमाच्या मुलाने लिहिला तर? ज्यांनी प्रश्न विचारले त्यांचीच नावं मी वेगळ्या पानावर घेतली. चार तास बसल्यावर काय होईल याचा विचार त्यांनी करून पाहिला आहे.

एनएसएसच्या मुलांना दोन वर्षांत २४० तासांचं काम पूर्ण करायचं असतं. हे तास त्यात धरावेत, असं कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोलून ठेवलं. तासांसाठी येणाऱ्या मुलांबद्दल आमच्यातले काही जण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. मुलगा तासांसाठी आला काय आणि कळवळ्याने आला काय, साडेदहाला दारात उभा असला म्हणजे झालं.

२७ जुलै २०२४, शनिवार

उद्याचा पहिला प्रशिक्षण वर्ग पुढे ढकलला. परवा गुरुवारी पहाटेपासून पावसाने शहराची दैना केली. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. आमचे दोन स्वयंसेवक तिकडेच राहतात. दोघांच्याही घरी चिखल काढायचं काम चालू आहे, तिथे आज आमच्यातलेच सहा-सात जण गेलेत. वर्ग आता ११ ऑगस्टला.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

वर्ग झाला. खूप चांगला झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

शिकवणारे तिघे, तिघेही परीक्षार्थी. पहिला तास प्रश्नपत्रिका वाचण्याचा. आर्ट्सच्या टीवायच्या मुलाने एफ.वाय. सायन्सच्या एका मुलीला समोर बसवलं आणि रसायनशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न वाचायला सांगितले. त्याने दहावीनंतर रसायनशास्त्राला हात लावलेला नाही. तिने वाचलं, "कोणत्या मूलद्रव्याचा अणुअंक १७ आहे? अ, सोडियम. ब, क्लोरीन. क, निऑन. ड, लोह." तो लगेच म्हणाला, "ब." पुढचा प्रश्न, पुन्हा बरोबर. त्याच्या पुढचाही. मुलगी म्हणाली, "दादा, तुला येतंय की सगळं!" तो म्हणाला, "मला काही येत नाही. तू बरोबर उत्तरापाशी क्षणभर थांबतेस आणि तुझा आवाज खाली येतो. मी तेवढंच ऐकतोय."

सगळा वर्ग गप्प झाला. मग त्याने समजावलं. हे त्याला सोयीचं वाटेल असं कुणी समजू नये. सुपरवायझरच्या कानावर ते पडलं तर पेपर जाईल आणि जे उत्तर त्याला खरंच येत असेल त्यावरही शंका घेतली जाईल. शिवाय लेखनिकाला चुकीचं उत्तर बरोबर वाटत असेल तर तोच आवाज परीक्षार्थीला खड्ड्यात घालतो.

मग सराव. चारही पर्याय एकाच लयीत, प्रत्येकानंतर सारखाच थांबा. एक जण वाचायचा आणि बाकीचे डोळे मिटून ऐकायचे. उत्तर ओळखता आलं की वाचणाऱ्याने पुन्हा सुरुवात करायची. वाटतं तितकं सोपं नाही. ज्यांना विषय चांगला येतो त्यांनाच सगळ्यात अवघड गेलं.

दुसरा तास थांबण्याचा. परीक्षार्थी विचार करत असताना लेखनिकाने काय करायचं? काहीच नाही. 'पुढे?' म्हणायचं नाही, पेन टकटकवायचं नाही, सुस्कारा सोडायचा नाही. एका मुलीने घड्याळ लावून पूर्ण तीन मिनिटं स्तब्ध राहून दाखवलं आणि मग सांगितलं, की पाच मार्कांचं उत्तर मनात जुळवायला एवढा वेळ लागतोच. तुम्ही कच्चं लिहून खोडता, तिला ते मनातच खोडावं लागतं.

शेवटी चालण्याचा भाग. हात धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं. पायरी आली की 'जपून' म्हणून काही उपयोग नाही, 'वर जाणाऱ्या चार पायऱ्या' असं सांगायचं. पांढऱ्या काठीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हे सगळं दहा मिनिटांत आटोपलं, कारण मुलांनी ते पटकन उचललं.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

आजचा विषय आकडे आणि अक्षर.

एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. वीस आकडे सांगून लिहून घेतले. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे निम्म्याहून जास्त चुकले, मराठी माध्यमातल्यांचेही काही चुकले. अर्थशास्त्राच्या पेपरात ५९ च्या जागी ६९ पडला तर पुढचं सगळं गणित कोसळतं आणि चूक परीक्षार्थीच्या नावावर जमा होते. म्हणून संकेत ठरवला. परीक्षार्थीने आकडा सांगून मग अंक सुटे सांगायचे, 'एकोणऐंशी, सात नऊ'. लेखनिकाने लिहिता लिहिता 'सात नऊ' असं परत म्हणायचं. वेळ थोडा जातो, पण जाऊ द्यावा.

बीजगणितात आणखी पंचाईत. 'दोन एक्स अधिक तीन भागिले पाच' यात भागायचं कशाला, फक्त तिनाला की सगळ्याला? कानाला दोन्ही सारखंच ऐकू येतं. त्यासाठी 'कंस सुरू, कंस पूर्ण' आणि 'अंशस्थानी, छेदस्थानी' हे शब्द पक्के केले. प्रत्येक जोडीने आपले संकेत पहिल्याच भेटीत ठरवून घ्यायचे. मंत्रालयाच्या सूचनांतही आहे, की परीक्षा घेणाऱ्यांनी लेखनिक दिला तर परीक्षार्थीला तो दोन दिवस आधी भेटू द्यावा. आम्ही त्याच्याही बरंच आधी, किमान तीन भेटींचा आग्रह धरणार.

अक्षराची चाचणी म्हणजे सलग वीस मिनिटं श्रुतलेखन. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांचं अक्षर सुंदर असतं, पंधरा मिनिटांनंतरचं बघायचं. शुद्धलेखनही तिथेच कळतं. ब्रेलमध्ये शिकलेल्या मुलांना ऱ्हस्व-दीर्घ चांगलं येतं, कारण भारती ब्रेलमध्ये इ आणि ई यांच्या खुणा वेगळ्या आहेत, बोटाखाली फरक कळतो. पण अलीकडे पुष्कळ मुलं रेकॉर्डिंग ऐकून आणि मोबाईलच्या टॉकबॅकवरच, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीवरच, शिकतात. त्यांनी शब्द ऐकलेला असतो, त्याची वेलांटी कधी बोटाखालून गेलेली नसते. ब्रेलचं शिक्षण मागे पडतंय याची मला खरंच काळजी वाटते. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, पण त्याचा फटका थेट भाषेच्या पेपरला बसतो.

काही स्वयंसेवकांना आज 'लेखनिक म्हणून नको' असं सांगावं लागलं. सांगितलं परीक्षार्थींनीच आणि कारणासकट सांगितलं. त्यातल्या एकाला वाईट वाटलं. त्याचा आवाज मात्र फार स्वच्छ आहे, त्याला पुस्तकं रेकॉर्ड करायला दिली.

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

परवा विसर्जन झालं. गणपतीच्या दिवसांत पुण्यात कुठलंही स्वयंसेवी काम जवळजवळ थांबतं आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. वेळापत्रकच तसं आखायला हवं.

पण या वर्षी मी ढोल-ताशा पथकांकडे जरा नीट पाहिलं. आमच्या यादीतली पाच-सहा मुलं एका पथकात आहेत. जुलैपासून रोज संध्याकाळी नदीकाठी सराव, पावसातही. तिथे खाडा झाला तर मिरवणुकीत उभं करत नाहीत. हीच मुलं आमच्या वर्गांनाही एकदा चुकली नाहीत. पथकात नवा मुलगा आला की तो थेट ढोल गळ्यात घेत नाही. आधी ढोल उचलायला, दोऱ्या ताणायला, पाणी द्यायला मदत करतो. त्याची पारख तिथेच होते.

तेच आम्ही उचललं. नव्या स्वयंसेवकाने आधी परीक्षार्थीबरोबर तीन वेळा वाचनाला बसायचं. अभ्यासाचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं, एवढंच. ठरलेल्या वेळी तिन्ही वेळा आला तरच परीक्षेच्या यादीत नाव. पथकाच्या प्रमुखांशी आज बोलणं झालं. विसर्जनानंतर मुलांच्या संध्याकाळी मोकळ्या होतात, ते स्वतः मुलांना सांगणार आहेत.

१५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

पांढरी काठी दिन. कार्यक्रम छोटासा ठेवला. दिवसभर लेखनिक मागणारे फोनच येत होते, विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या आहेत. आचारसंहिताही आजच लागली, २० नोव्हेंबरला मतदान. त्याचा परीक्षांच्या तारखांवर काय परिणाम होतो ते रोज बघावं लागणार.

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार

फोनची व्यवस्था नव्याने लावली. ज्यांना नियमामुळे लेखनिक होता येत नाही अशा काकू-मावशींची एक तुकडी केली आहे. तिची सूत्रं टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या एका काकूंकडे. त्यांनी पहिल्याच दिवशी आमची पद्धत मोडीत काढली.

आम्ही आदल्या दिवशी फोन करून 'उद्या येणार ना?' विचारायचो. समोरून 'हो' यायचं. काकू म्हणाल्या, "येणार ना विचारलं की माणूस हो म्हणतोच. त्याला विचारायचं, कुठल्या बसने येणार? किती वाजता घर सोडणार? परतीला उशीर होईल, घरी सांगितलंय का?" ज्याचं यायचं नक्की नसतं तो बसपाशी अडखळतो आणि मग आम्हाला राखीव लेखनिक उभा करायला एक रात्र मिळते.

आता क्रम असा. पेपरच्या दोन दिवस आधी काकूंचा फोन, आदल्या रात्री परीक्षार्थीचा स्वतःचा फोन आणि सकाळी निघताना लेखनिकाने ग्रुपवर 'निघालो' असा व्हॉइस मेसेज टाकायचा. लिहून नाही, बोलून, कारण बसमध्ये टॉकबॅक ऐकण्यापेक्षा माणसाचा आवाज ऐकणं परीक्षार्थीला सोपं जातं. प्रत्येक केंद्राजवळ राहणारा एक राखीव. राखीवालाही प्रशिक्षण तेच आणि त्याचेही एनएसएसचे तास धरायचे, पेपर लिहायला मिळो न मिळो.

प्रवासखर्च त्याच दिवशी द्यायचा, हेही आज मंजूर झालं. काही विश्वस्तांचं म्हणणं, की सेवा आहे तर पैसे कशाला. पिंपरीहून कात्रजला दोन बस बदलून येणाऱ्या मुलीला तिकिटाचे पैसे देणं म्हणजे मोबदला देणं नव्हे. तिच्या खिशात ते नसतील तर ती येणार नाही, लाजेने कारण दुसरंच सांगेल. बैठकीत मी हे स्पष्ट बोलले.

१३ नोव्हेंबर २०२४, बुधवार

दिवाळी उरकून परीक्षा चालू आहेत. आजचा प्रसंग लिहून ठेवायला हवा.

ठरलेली लेखनिक तापाने फणफणली, पहाटेच तिच्या आईचा फोन आला. राखीव मुलगी सव्वादहाला केंद्रावर हजर. केंद्रावर सांगितलं गेलं, की अर्जात नाव दुसरं आहे, ऐनवेळी बदल चालणार नाही. परीक्षार्थी शांतपणे म्हणाली, "सर, २०१८ च्या सूचना माझ्या बॅगेत आहेत. अडचणीच्या वेळी लेखनिक बदलण्याची मुभा द्यावी असं त्यात लिहिलंय. मी काढून देते, तुम्ही वाचा." खूण म्हणून त्या पानाचा कोपरा तिने दुमडून ठेवला होता. बोलाचाली झाली, वरपर्यंत विचारणं झालं, शेवटी सही मिळाली. पेपर उशिरा सुरू झाला. गेलेला वेळ शेवटी वाढवून द्या, हेही तिनेच मागून घेतलं.

संध्याकाळी ग्रुपवर सूचना दिली. प्रत्येक परीक्षार्थीच्या बॅगेत एक फाईल कायम हवी. त्यात मार्गदर्शक सूचनांची प्रत, यूडीआयडी कार्डाची, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राची, झेरॉक्स, ठरलेल्या आणि राखीव अशा दोन्ही लेखनिकांचे फोटो, ओळखपत्रं आणि बोनाफाईड. त्या मुलीला विचारलं, पुढच्या महिन्यात नव्या परीक्षार्थींचा एक वर्ग घेशील का? केंद्रावर कसं बोलायचं, त्याचा. लगेच हो म्हणाली.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आज जागतिक ब्रेल दिन, लुई ब्रेलचा जन्मदिवस. नववीच्या मुलांच्या पालकांची बैठक मुद्दाम आजच ठेवली.

दहावीसाठी नववीची मुलं मिळवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात नाजूक काम. मुलं तयार असतात, पालकांना शंका असतात. शाळा बुडेल. आमच्या मुलाने चुकीचं लिहिलं आणि तो मुलगा नापास झाला तर? दहावीच्या केंद्रावर आमची मुलगी एकटी कशी जाईल? सगळ्या शंका रास्त आहेत. एकेकाचं उत्तर परीक्षार्थींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी दिलं. लातूरहून आळंदीला शिकायला आलेल्या एका मुलीचे वडील म्हणाले, "तुमच्या पोराकडून चूक झाली तर आम्ही बोल लावणार नाही. पण ऐन दिवशी आला नाही, तर माझ्या पोरीचं वर्ष जातं." यानंतर बैठकीचा नूरच बदलला. संमतीपत्रं बरीच भरून आली.

अल्पवयीन मुलांसाठी आमचे नियम कडक आहेत. नेणं-आणणं पालकांनी किंवा संस्थेच्या दोन मोठ्या माणसांनी मिळून करायचं, एकट्याने कधीच नाही. मुलांचे फोन नंबर परीक्षार्थीला थेट द्यायचे नाहीत, पालकांचे द्यायचे. पेपरच्या दिवसांची हजेरी मुख्याध्यापकांकडून लिहून घ्यायची.

दुपारी सराव पेपर. मराठीत जाहिरातलेखन होतं. जन्मापासून अंध असलेला मुलगा नववीच्या मुलाला सांगत होता, "चौकट काढ. वर मध्यभागी मोठ्या अक्षरांत 'सावली छत्र्या'. खाली एक ओळ सोड. डावीकडे एकाखाली एक तीन गुण, प्रत्येकापुढे टिंब. किंमत उजवीकडे खालच्या कोपऱ्यात, गोलात." नववीचा मुलगा म्हणाला, "दादा, मी वर छत्रीचं चित्र काढू का?" उत्तर आलं, "मी सांगितलं नाही ना? मग नको." मागच्या बाकावर बसलेल्या त्याच्या आईकडे पाहिलं तर त्या हसत होत्या. ही जोडी बोर्डाला चालणार याबद्दल मला शंका नाही.

२६ जानेवारी २०२५, रविवार

गळती सुरू झाली आहे. जानेवारीच्या शेवटी दरवर्षी होते. लग्नसराई, क्लासेसच्या परीक्षा, कुणाचं तरी गावाला जाणं. तीन वाचनबैठकांची अट पार केलेल्यांतली गळती मात्र फार थोडी आहे. बोर्डाकडे लेखनिकांचे फोटो आणि त्यांच्या मुख्याध्यापकांचे दाखले आधीच गेलेत, त्यामुळे आता जो बदलेल त्याच्यासाठी पुन्हा कागद करावे लागतील. दोन मुलांच्या बाबतीत ते करतोय.

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

बारावी आजपासून, पहिला पेपर इंग्रजी. स्पेलिंगचा संकेत आधीच ठरला होता. अवघड शब्द परीक्षार्थीने अक्षर अक्षर सांगायचा, लेखनिकाने आपल्या मनाने दुरुस्त करायचा नाही.

यंदा आमच्याकडे लिहिताना हात अवघडणारा एक मुलगा आहे. दृष्टी उत्तम, पण पेन धरलं की बोटं आखडतात. अंध नसलेल्याला लेखनिक कशाला, असं त्याला शाळेपासून ऐकावं लागलंय. नेमक्या याच तारखेला, ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात निकाल दिला, की ४० टक्क्यांची अट पुरी होत नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही. तो खटलाही हात आखडण्याच्या विकाराचाच होता. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. मुलाने दोन्हीच्या प्रती फाईलमध्ये ठेवल्या होत्या. कुणी विचारल्या नाहीत. पेपर नीट झाला.

अकराचा पेपर, त्यात जादा तास, म्हणजे बाहेर पडायला तीन वाजून गेले. लेखनिकांना जेवण मिळत नाही ही अडचण आजही आली. उद्यापासून फोनच्या तुकडीतल्या मावशी पोळीभाजीचा डबा केंद्राबाहेर घेऊन थांबणार आहेत, परीक्षार्थी आणि लेखनिक दोघांसाठी.

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

दहावीचा पहिला पेपर, मराठी. सगळे लेखनिक साडेदहाच्या आत पोचले. एका केंद्रावर अंध मुलांना बाकीच्यांच्याच खोलीत बसवलं होतं. मोठ्याने बोलता येईना, शेजारची मुलं वळून बघायला लागली. परीक्षार्थीने वेगळी खोली मागितली, केंद्र संचालकांनी लगेच दिली. पुढच्या पेपरच्या आधी सगळ्या केंद्रांना हे विचारून घ्यायचं.

८ मार्च २०२५, शनिवार

गणित झालं. 'कंस सुरू, कंस पूर्ण' फार उपयोगी पडलं, असं सगळ्याच जोड्यांनी सांगितलं. एक लेखनिक मुलगी बाहेर आल्यावर रडत होती. एका उदाहरणात परीक्षार्थी चुकतोय हे तिला दिसत होतं आणि तरी तिने तो सांगेल तसंच लिहिलं. ती म्हणत होती, "मला कसंतरीच होतंय, मला येत होतं ते." परीक्षार्थी मुलगा तिथेच उभा होता. म्हणाला, "तू बरोबर केलंस. ते चुकलेले मार्क माझे आहेत आणि मिळालेलेही माझेच आहेत." मग त्याने तिला डब्यातला लाडू दिला. मी तिच्या आईला संध्याकाळी फोन केला. नववीच्या मुलांना अशा वेळी कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, त्यासाठी दर पेपरनंतर अर्धा तास ठेवायला हवा. पुढच्या पेपरपासून ठेवतोय.

१८ मार्च २०२५, मंगळवार

काल भूगोलाने दहावी संपली, आज बारावी.

परीक्षार्थींचे शेरे आले, बहुतेक व्हॉइस मेसेजने. ते आम्ही जसेच्या तसे उतरवून घेतोय, भाषा न सुधारता. काही नमुने. 'वाचन चांगलं, पण मी विचार करत असताना पाय हलवतो, बाक हलतं.' 'खूप चांगला, पुढच्या वर्षीही हाच हवा, पण आता तो दहावीत जाणार.' 'वेळ विचारला की सांगतो, न विचारता सांगत नाही, हे आवडलं.' 'मला बिचारा म्हणाली एकदा. मग मी सांगितलं, मग नाही म्हणाली.' लेखनिकांना त्यांचे शेरे वाचून दाखवायचे की नाही यावर चर्चा झाली. परीक्षार्थींचं म्हणणं पडलं, की दाखवायचे, पण समोरासमोर बसून. तसंच करणार.

२९ मार्च २०२५, शनिवार

उद्या गुढीपाडवा, म्हणून बैठक आजच घेतली.

विद्यापीठाच्या परीक्षा आता उन्हाळाभर चालतील, त्यासाठी याद्या तयार आहेत. जून-जुलैत बोर्डाची पुरवणी परीक्षा. त्या वेळी नववीची आत्ताची मुलं दहावीत गेलेली असतील, म्हणजे नव्याने नववीत आलेली मुलं लागतील आणि शाळा उघडल्यावर हाताशी पंधरा दिवसही नसतील. म्हणून आठवीच्या मुलांचे वाचनवर्ग एप्रिलमध्येच, त्यांची परीक्षा संपल्या संपल्या, घ्यायचे ठरले. कोथरूड आणि चिंचवड इथे जागा मिळाली आहे, हडपसरची जागा अजून ठरायची आहे. वर्ग घेण्याची जबाबदारी आत्ता दहावी दिलेल्या चौघांनी स्वतःहून मागून घेतली. आळंदीची मुलगी लातूरला सुट्टीला जाणार होती, तिने जाणं आठवडाभर पुढे ढकललं आहे. राखीव लेखनिकांची यादी फोनवाल्या काकू करणार. संमतीपत्रांचे नमुने छापायला टाकायचे आहेत, सोमवारी रमजान ईदची सुट्टी आहे, म्हणून ते मंगळवारी.